आधी मांडवली, मग माईक: चौघांनी मिळून गँगस्टा रॅपचं गाणं आणि व्हिडिओ कसा करायचा

मी काळाचौकीची. माझ्या दहा बाय बाराच्या खोलीत गेली नऊ वर्षं पोरांची गाणी रेकॉर्ड होतात. त्याआधी बेंजो पार्ट्यांचा आणि कामगार नाट्यस्पर्धांचा साउंड करायचे. गेल्या वर्षी चार ठिकाणच्या चौघांचं एक गाणं केलं. धारावीचा एक, घाटकोपरचा एक, विक्रोळीचा एक आणि आमच्या नायगावची एक मुलगी. तेव्हापासून दर आठवड्याला कुणी ना कुणी दारात येतं, "ताई, आम्हालापण असं कोलॅब करायचंय, सुरुवात कुठून करू?"

सुरुवात मांडवलीपासून कर, असंच मी सांगते. हा शब्द भाई लोकांच्या तोंडी जाऊन बदनाम झाला, पण त्यातली गोष्ट चांगली आहे. समोरासमोर बसायचं, जे काय आहे ते तोंडावर बोलायचं आणि उठायच्या आधी मिटवायचं. कोलॅबचं गाणं कच्च्या बीटमुळे, म्हणजे मागच्या संगीतामुळे, किंवा स्वस्त माईकमुळे मेलेलं मी अजून पाहिलं नाही. मेली ती सगळी न बोललेल्या गोष्टींमुळे.

सहा वर्षांपूर्वी तिघांचं एक गाणं माझ्याकडे झालं. बीट एकाची, हुक म्हणजे परत परत येणारा भाग दुसऱ्याचा, व्हिडिओ तिसऱ्याच्या भावाने केलेला. कागद एकही नव्हता. गाणं चाललं, एका कंपनीचा फोन आला आणि तिघांतल्या एकाने परस्पर सही केली. बाकी दोघांना कळलं केव्हा, तर त्यांनी स्वतःच्या चॅनलवर टाकलेल्या स्वतःच्याच गाण्यावर कॉपीराइटचा दावा आला तेव्हा. सही करणारा आणि त्या दोघांतला एक, एकाच चाळीत, एकाच मजल्यावर राहायचे. आज नळावर भेटले तरी एक जण मान वळवतो. मी तेव्हा कागद करायला लावला नाही, ही सल माझ्या मनात कायमची आहे. म्हणून आता माझ्याकडे आधी दोनशे पानी वही उघडते, मग माईकची वायर.

वहीचं पहिलं पान

चौघं एकत्र बसा. फोनवर नको, ग्रुपवर मेसेज टाकून तर अजिबात नको. वहीत दोन वेगवेगळे हिशोब लिहायचे, कारण एका गाण्यात मालकीच्या दोन गोष्टी असतात. एक म्हणजे शब्द आणि संगीत. दुसरी म्हणजे तयार झालेलं रेकॉर्डिंग, ज्याला आपण मास्टर म्हणतो. दोन्हींची बेरीज वेगवेगळी शंभर टक्के झाली पाहिजे. आमच्या गाण्यात शब्द-संगीतातला निम्मा वाटा बीटवाल्याचा आणि उरलेला निम्मा चौघांत सारखा, म्हणजे प्रत्येकी साडेबारा टक्के होता. मास्टरमध्ये मात्र बीटवाला धरून पाच जणांचे पाच सारखे वाटे, कारण रेकॉर्डिंगचा आणि व्हिडिओचा खर्च पाच जणांनी सारखा उचलला होता. तुमचा हिशोब वेगळा असेल. फक्त तो गाणं रिलीज होण्याआधी झालेला असावा, कारण व्ह्यू वाढायला लागले की प्रत्येकाला आपलंच कडवं भारी वाटतं.

आपल्या कॉपीराइट कायद्यात, म्हणजे १९५७ च्या कायद्यात, २०१२ साली दुरुस्ती झाली. गीतकार आणि संगीतकाराने हक्क एखाद्या कंपनीला दिले तरी रॉयल्टीतला त्याचा निम्मा वाटा त्याचाच राहतो. तो वाटा वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीला सोडून दुसऱ्या कुणाला देऊन टाकता येत नाही. रॅपर हा गीतकार असतो, हे पोरांच्या लक्षातच येत नाही. कुणी "सगळे हक्क एकरकमी" म्हणत कागद पुढे केला, तर हे आठवा आणि सही करायच्या आधी वकिलाला दाखवा.

त्याच पानावर आणखी चार ओळी हव्यात. गाणं कुणाच्या चॅनलवर जाणार. कडव्यांचा क्रम काय. कुणी मध्येच सोडून गेलं तर त्याचं कडवं राहणार की निघणार. आणि मिक्सला, म्हणजे सगळे आवाज एकत्र बसवलेल्या गाण्याला, शेवटचा होकार कोण देणार. हा होकार एकाच माणसाचा असावा. चौघांना विचारलंत तर चौघंही "माझा आवाज थोडा वर" एवढंच सांगतात.

खाली सगळ्यांच्या सह्या आणि तारीख. मग प्रत्येकाने फोनवर फोटो काढून ठेवायचा.

कशावर लिहायचं

गँगस्टा रॅप हा प्रकार अमेरिकेतून आला. फिलाडेल्फियाचा स्कूली डी, लॉस एंजेलिसचा आइस-टी यांनी १९८५-८६ च्या सुमाराला वाट पाडली आणि १९८८ साली लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टनच्या एन.डब्ल्यू.ए. या गटाने ती साऱ्या जगाला ऐकवली. ही मंडळी आपल्या गल्लीत टोळ्या, ड्रग्ज आणि पोलीस यांचं जे चाललं होतं ते सांगत होती. १९९० साली तिथल्याच कितीतरी रॅपरांनी मिळून टोळ्यांचा रक्तपात थांबवा म्हणणारं एक सिंगल काढलं, ते एन.डब्ल्यू.ए. मधल्याच डॉ. ड्रेने प्रोड्यूस केलं होतं. एवढे जण एका गाण्यात मावले कसे? विषय एकच ठेवला आणि प्रत्येकाने थोडक्यात आटपलं. आपल्याला तेच करायचंय.

मुंबईत लिहायला कॉम्प्टन उसनं आणायची गरज नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला तेव्हा माझे बाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. संप रीतसर कधी मिटलाच नाही. आमच्या मजल्यावरची दोन मोठी पोरं पुढच्या काही वर्षांत "कामाला" लागली, आणि कसलं काम ते कुणी विचारत नव्हतं. त्यातल्या एकाचा फोटो त्याच्या आईने भिंतीवर लावला नाही, कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने चिकटवला. साडी काढायला कपाट उघडलं की तो दिसायचा. गँगस्टा रॅपमध्ये मला हे कपाट हवं. हातात घोडा, म्हणजे पिस्तूल घेतलेला माणूस कुणीही लिहितो.

म्हणून चौघांना पहिलं काम मी असं देते: एक जागा आणि एक रात्र ठरवा, आणि चौघांनी चार बाजूंनी तीच रात्र सांगा. आमच्या गाण्यात चाळीत जीप येते ती रात्र होती. धारावीवाला झाला खबरी, घाटकोपरचा झाला ज्याला उचलायला आलेत तो, विक्रोळीचा झाला त्याचा लहान भाऊ, आणि नायगावच्या मुलीने आई घेतली. असं केलं नाही तर चार जण चार वेळा "मी किती डेंजर" सांगतात आणि ऐकणारा दुसऱ्या कडव्यालाच पुढे सरकतो.

शब्द तुमच्या कानावर पडलेलेच वापरा. पेटी म्हणजे लाख, खोका म्हणजे कोटी, हप्ता, सुपारी, वसुली, राडा, हे सगळ्यांना माहीत आहे. पण ते तुमच्या गल्लीत कसे बोलले जातात ते तुम्हालाच ठाऊक. खऱ्या माणसाचं नाव मात्र घालू नका, मग तो भाई असो, पोलीस असो नाहीतर नगरसेवक. बदनामीचा दावा वेगळा, आणि तुमचं कुटुंब त्याच गल्लीत राहतं हे वेगळं.

मराठीत यमक जुळवताना

आपलं वाक्य क्रियापदावर संपतं, त्यामुळे नव्या पोरांची वही उघडली की असं दिसतं:

रात्री गाडी आली होती
चाळ सगळी जागी होती
आई दारात उभी होती

होती, होती, होती. यमक झालं, पण जोर कुठेच नाही, कारण चौथ्या ठोक्यावर, जिथे स्नेअर ड्रम फुटतो, तिथे सगळ्यात पुचाट शब्द येऊन बसलाय. तो ठोका नामाला द्या. क्रियापद ओळीच्या मध्ये ढकला किंवा काढूनच टाका. मुंबईची बोली त्याला नाही म्हणत नाही. आमच्या मुलीने तीन रात्री घासून त्याच तीन ओळींच्या दोन केल्या:

दीडला आली जीप, बत्ती बंद, नाक्यावर
आईचा एक हात कडीवर, एक माझ्या डोक्यावर

नाक्यावर आणि डोक्यावर हे बाहेरचं यमक, मधला "कडीवर" आतला धक्का. आणि पाहा, दुसऱ्या ओळीत क्रियापदच नाही, तरी आई डोळ्यांपुढे उभी राहते. ट, ठ, ड, क्क, ट्ट अशी अक्षरं ठोक्यावर आली की मराठी आपोआप तालवाद्यासारखी वाजते. श्वास कुठे घ्यायचा तिथे वहीत तिरकी रेघ मारा. रेघ कुठे मारायची ते सुचत नसेल तर ओळ लांब झाली आहे.

हुकसाठी पोवाड्याकडे बघा. शाहीर सांगतो आणि मागचे झीलकरी शेवटचा शब्द उचलून धरतात. चौघांच्या गाण्यात ज्याचं कडवं चालू नाही त्या तिघांनी हेच करायचं. मी त्याला ॲडलिब म्हणत नाही, "झील धरा रे" म्हणते आणि पोरांना लगेच कळतं.

बीट आणि मोजमाप

साधारण ९० बीपीएम, म्हणजे मिनिटाला ९० ठोके धरा. चार ठोक्यांचा एक बार म्हणजे २.६७ सेकंद, बारा बारचं कडवं बरोबर ३२ सेकंदांचं. आमचा आराखडा असा: चार बार सुरुवात, आठचा हुक, दोन कडवी, पुन्हा हुक, दोन कडवी, हुक, चार बार शेवट. एकूण ८० बार, ३ मिनिटं ३३ सेकंद. चौघं आहात म्हणून सोळा बारची कडवी घेऊ नका. बारा पुरतात.

वेस्ट कोस्टच्या, म्हणजे लॉस एंजेलिसकडच्या गाण्यांत वर एक बारीक, घसरत जाणारी सिंथची शिट्टी असते. त्यासाठी मी बेंजो पार्टीतला की-बोर्डवाला बोलावला. वीस वर्षं गणपतीत पिच-बेंडची चकती फिरवलेला माणूस, त्याने एका टेकमध्ये वाजवली. खालचा ८०८ चा बास, म्हणजे ड्रम मशीनचा खोल घुमणारा ठोका, गाण्याच्या सुरात लावून घ्या. नाहीतर सगळं बरोबर असूनही काहीतरी बेसूर वाटत राहतं आणि काय ते सापडत नाही.

जुन्या सिनेमातल्या गाण्याचा तुकडा उचलू नका. त्याला दोन परवानग्या लागतात, चालीच्या मालकाची आणि रेकॉर्डिंगच्या मालकाची. इंटरनेटवरून बीट भाड्याने घेतली तर तिच्या अटी पूर्ण वाचा. किती स्ट्रीमपर्यंत चालेल, व्हिडिओला चालेल का, तीच बीट आणखी कुणाला विकली जाणार का, हे तिथे लिहिलेलं असतं.

खोलीत रेकॉर्डिंग

कुर्ल्याच्या नेझीने २०१४ साली आयपॅडवर गाणं रेकॉर्ड केलं आणि त्यावरच व्हिडिओ शूट केला. म्हणून सामान नाही हे कारण मी ऐकून घेत नाही. पण चाळीच्या खोलीत कंडेन्सर माईक घेऊ नका. तो शेजारच्या कुकरची शिट्टीसुद्धा प्रेमाने उचलतो. साधा डायनॅमिक माईक, तोंडापासून चार बोटं, मागे दोरीवर दोन गोधड्या आणि बाजूला कपड्यांनी भरलेलं कपाट सताड उघडं. पंखा बंद. आमच्याकडे पाणी पहाटे येतं, त्यामुळे मी रात्री साडेअकरा ते तीन रेकॉर्ड करते.

आवाजाचा वरचा टोकाचा भाग उणे १० डेसिबलच्या आसपास राहू द्या. प्रत्येकाचे कडव्याचे तीन पूर्ण टेक घ्या. ओळ-ओळ तोडून घेतलं की माणसाचा दम ऐकू येत नाही, आणि या संगीतात दम ऐकू आला पाहिजे. नंतर फक्त ओळीच्या शेवटच्या शब्दांवर दुसरा थर चढवा.

कुणी आपल्या घरी रेकॉर्ड करून पाठवणार असेल तर सगळ्यांना एकच नियम: वेव्ह फाइल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, कोणताही इफेक्ट नाही, आणि फाइल गाण्याच्या शून्य सेकंदापासून सुरू झालेली. कडवं दोन मिनिटांनी असलं तरी आधीची दोन मिनिटं रिकामी असू द्या. मग सगळ्या फाइली एकाखाली एक टाकल्या की आपोआप जुळतात. विक्रोळीवाल्याने हे पाळलं नाही आणि त्याचं कडवं बसवण्यात माझी एक अख्खी रात्र गेली.

मिक्स झाल्यावर फोनवर आणि रिक्षातल्या स्पीकरवर ऐका. फोनला खालचा बास वाजवताच येत नाही, म्हणून ८०८ ला थोडी खरखर द्या, म्हणजे तिथेही तो कळतो. स्पॉटिफायसारख्या ठिकाणी आवाज उणे १४ एलयूएफएसच्या (हे आवाजाच्या जोराचं माप) आसपास आणून ठेवतात, त्यामुळे नुसता मोठा आवाज करून काही हाती लागत नाही.

व्हिडिओ

पहिल्या व्हिडिओच्या वेळी पोरांनी खेळण्यातली पिस्तुलं आणली होती. मी नको म्हटलं नाही. रस्त्यावरून जाणाऱ्या कुणीतरी घाबरून फोन केला, पोलीस आले, आणि सतरा जण चार तास ठाण्यात बसले. त्यातल्या एकाची दुसऱ्या दिवशी बँकेची परीक्षा होती. त्याच्या आईसमोर मी जी उभी राहिले ते विसरणार नाही. तेव्हापासून माझ्या व्हिडिओत हत्यार दिसत नाही, खोटंसुद्धा नाही. दाराची कडी दिसते. त्यावर आईचा हात, बांगड्या वर सारलेल्या, वाजू नयेत म्हणून. तो शॉट आम्ही अकरा वेळा घेतला. गाण्याखाली लोक सगळ्यात जास्त त्याच शॉटबद्दल लिहितात.

परवानगीचं आधी बघा. रस्ता, मैदान, सरकारी जागा यांसाठी गोरेगावच्या चित्रनगरीतून चालणारी एक खिडकी योजना आहे, अर्ज ऑनलाइन होतो. रेल्वेच्या हद्दीत शूट करायचं तर रेल्वेची परवानगी वेगळी. ड्रोनचा हट्ट सोडा. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार नकाशा बघून उडवायचा असतो आणि मुंबईत विमानतळ आणि नौदल यांमुळे बऱ्याच भागात तो चालत नाही. आम्ही एका सोसायटीचं लेखी पत्र घेऊन बाविसाव्या मजल्याच्या गच्चीवरून चाळीचा शॉट घेतला. चाळीत शूट असेल तर कमिटीला भेटा आणि प्रत्येक दारात जाऊन सांगा किती वाजता सुरू आणि किती वाजता बंद. फ्रेममध्ये लहान मुलं येणार असतील तर आई-वडिलांची सही घ्या.

आता कॅमेऱ्याचं, कारण इथे सगळे फसतात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणजे जुनी ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. डोळ्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं आणि व्हिडिओभर काळे पट्टे सरकत राहतात. फोनवर प्रो मोडमध्ये जाऊन २५ फ्रेम आणि शटर १/५० असं पक्कं करून टाका. स्लो मोशनला ५० फ्रेम आणि १/१००. ऑटोवर काही सोडू नका.

हुक स्लो मोशनमध्ये हवा आणि ओठ तरी जुळायला हवेत, तर गाण्याची दुप्पट वेगाची फाइल करून घ्या. ९० चं गाणं स्पीकरवर १८० ने वाजेल, पोरं त्यावर ओठ हलवतील, कॅमेरा ५० फ्रेमवर. मग एडिटमध्ये ते २५ वर चालवलं की ओठ खऱ्या गाण्यावर येतात आणि अंग पाण्यात चालल्यासारखं हलतं. याची तालीम आदल्या दिवशी करा. सेटवर प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला तीन टिचक्या असू द्या, एडिट करणाऱ्याचे तास वाचतात.

प्रत्येक ठिकाणी प्रत्येकाचं पूर्ण कडवं तीनदा घ्या: लांबून, कमरेपर्यंत, चेहऱ्याजवळून. तेवढं हातात आलं की मग गोष्टीचे शॉट. आम्ही पहाटे पावणेपाचला जमलो, उजाडायच्या आधीचा निळा उजेड जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं मिळतो आणि जीपचा शॉट त्यातच हवा होता. मागे उभी राहणारी पोरं मित्रच असतात, पैसे मागत नाहीत, म्हणून त्यांना वेळेवर खायला घाला. वडापाव आणि चहा सात वाजता आला पाहिजे, नऊ वाजता नाही.

बाहेर काढताना

स्पॉटिफायसारख्या ठिकाणी गाणं पोचवणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरकडे गाणं चार आठवडे आधी द्या. चौघांची नावं त्यांच्या आधीच्या गाण्यांवर जशी लिहिली आहेत अगदी तशीच द्या, नाहीतर एकाचं गाणं भलत्याच प्रोफाइलवर जाऊन बसतं. कव्हर ३००० बाय ३००० पिक्सेलचं. शिव्या असतील तर तशी खूण करा. शिव्या काढून दुसरी आवृत्ती केली तर तिचा आयएसआरसी क्रमांक वेगळा लागतो. हा बारा अक्षरांचा क्रमांक म्हणजे त्या रेकॉर्डिंगची ओळख. तो वहीत लिहून ठेवा.

शब्द लिहिणाऱ्यांनी आणि बीटवाल्याने आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या कॉपीराइट सोसायटीचं सभासद व्हायचं आणि गाणं तिथे नोंदवायचं, टक्के वहीतल्यासारखेच. सगळ्यांनी एकाच दिवशी, एकत्र बसून करा. आमचे चौघं माझ्याच खोलीत बसले होते, एक लॅपटॉप मध्ये आणि वही पहिल्या पानावर उघडी. पोरगी आकडे वाचत होती, धारावीवाला टाइप करत होता. साडेबारा टक्के म्हणताना कुणीच वर बघितलं नाही.